वाडीची टाकी मी धुतली

नागपूरहून आलेल्या माणसाकडे लोक संत्राबर्फी मागतात. आमच्या भिशीतल्या बायकांनीही मागितली. बर्फी खाऊन झाल्यावर हात पुसत पुसत त्यांनी विचारलं, "मग, काय काय पाहिलंत?"

"एक टाकी पाहिली," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि ती धुतली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साताऱ्याहून एवढ्या लांब जायचं आणि टाकी धुवायची, म्हणजे हिचं वय झालं, असा त्यांचा समज झालेला दिसला. तेव्हा काय घडलं ते एकदाचं सगळं लिहूनच काढावं म्हणते. ज्या नागपूरला गेल्या नाहीत त्यांना तिकडची वांगी कळतील, आणि ज्यांना माझ्यासारखी दिसेल ते धुवायची खोड आहे त्यांना थोडी अक्कल येईल. मला आली. उशिरा आली, पण आली.

आधी माझी ओळख. सव्वीस वर्षं मी साताऱ्याला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात काळी वही आणि नाक तिखट. कुठल्या खोलीत लोणचं सांडलंय ते मी जिन्यावरून सांगायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पाण्याच्या टाक्या धुवून घ्यायची. मुली माझ्या मागे मला काय म्हणायच्या ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

त्या मुलींतली एक वैशाली. नागपूरकडची, उंच, हसरी. जंतुशास्त्र शिकायला एवढ्या लांब आली होती. पहिल्या दिवशी मेसमध्ये "मले भूक लागून राहिली" म्हणाली आणि सगळं टेबल फिस्सकन हसलं, तेव्हा तीसुद्धा त्यांच्यात हसली. मला ती तेव्हापासून आवडायची, पण रेक्टरने असं दाखवायचं नसतं. आता ती नागपूरजवळच्या वाडीला असते. नवरा मंगेश आणि ती मिळून त्याच्या वडिलांची लाँड्री चालवतात. गेली पाच वर्षं फोनवर एकच धोशा, "बाई, या ना एकदा." गेल्या थंडीत गेले.

वाडी, बुधवार

अमरावती रोडवर वाडी येते. डावीकडे गोदाम, उजवीकडे गोदाम, मध्ये ट्रक. ट्रकवाल्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, भाड्याच्या खोल्यांतल्या पोरांची ब्लँकेटं असं सगळं वैशालीच्या लाँड्रीत येतं. पुढे लाँड्री, मागे दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाचा हसरा फोटो, खाली टवटवीत झेंडू. मी बॅग ठेवते न ठेवते तोच पुढ्यात वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. आमच्याकडे भरितात दाण्याचं कूट घालतात. इथे कांद्याची पात घालतात आणि वरून कच्चं तेल. मी एक भाकरी खाणारी बाई, तीन खाल्ल्या. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, तर मंगेश काळजीने म्हणाला, "बाई, तिखट लागलं का? आज तं कमीच टाकलं."

जेवताना खरी गोष्ट कळली. लाँड्रीचं साबणाचं पाणी मागच्या नालीतून वाहत जातं ते थेट घरमालकाच्या वांग्याच्या वाफ्यापाशी. मालक दादारावजी. जागा त्यांची, नाली त्यांची, वांगीही त्यांचीच, आणि मी खाल्लेलं भरीत त्याच वांग्यांचं. नालीवर फेस इतका, की म्हणे सकाळी कापूस पिंजून टाकल्यासारखी दिसायची. दादारावजींनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं: अमुक रविवारपर्यंत फेस बंद झाला नाही तर लाँड्रीला कुलूप. तो रविवार चार दिवसांवर आला होता.

"मग?" माझा घास हातातच राहिला.

"मंग काही नाही," वैशाली हसत म्हणाली. "इलाज केला आहे. उद्या तुमाले एक गंमत दाखवते, मागे आहे. आज तुम्ही थकून राहिल्या, झोपा."

तिने ती गंमत त्याच वेळी दाखवली असती तर हे प्रवासवर्णन दोन पानांत संपलं असतं.

वाडी, गुरुवार सकाळ

मला पाचलाच जाग येते. थंडी कडाक्याची. कानाला शाल गुंडाळून मी मागच्या अंगणात गेले आणि जे पाहिलं त्याने माझ्यातली रेक्टर खडबडून जागी झाली.

काळी मोठी टाकी, वर जाळीचं झाकण, झाकणाला कडी. आत तपकिरी, चहाच्या गाळासारखं पाणी बुडबुडत होतं. त्यात बाटल्यांची शेकडो झाकणं तरंगत होती, आणि एकेका झाकणाला बोटाला चिकटेल असा बुळबुळीत थर. वास ओल्या मातीचा, जरा कुबट. मी मनात म्हटलं, अगं बाई, रविवारी मालक पाणी बघायला येणार आणि पोरीने टाकीची ही कळा करून ठेवली! कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल. जाऊ दे, आपण तीन भाकऱ्या खाल्ल्यात, तेवढं ऋण फेडू.

लाँड्रीच्या फळीवर ब्लिचिंग पावडरचा डबा होता. पुढचं काय सांगू! तळाचं बूच काढून मी टाकी नालीत रिकामी केली, पदर खोचला, आत वाकले आणि पहाटेच्या थंडीत घाम येईपर्यंत घासलं. झाकणं घमेल्यात घेऊन तारेच्या घासणीने एकेक घासली. निळी निघाली हो, हिरवी निघाली, काही तर चक्क नारिंगी! ती उन्हात पसरून ठेवली तेव्हा अंगणात रांगोळी घातल्यासारखं दिसलं. टाकीत वरून आणखी दोन मुठी पावडर टाकून स्वच्छ पाणी भरलं. इतकं समाधान मला निवृत्तीच्या समारंभातही वाटलं नव्हतं.

वैशाली चहा घेऊन बाहेर आली. टाकीकडे बघितलं. झाकणांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग ती हळूच पायरीवर बसली आणि चहाचा कप तिने स्वतःच पिऊन टाकला.

"बाई," ती म्हणाली, "ही टाकी धुवाची नव्हती."

"अगं, केवढी घाण होती!"

"थे घाण नव्हती बाई. थेच तं काम करून राहिले होते."

मग तिने मला समजावलं, रागावून नाही, वर्गात शिकवावं तसं. लाँड्रीच्या नालीत तिच्या सासऱ्यांच्या काळापासून साबणाचं पाणी वाहत होतं. तिथल्या चिखलातले काही जंतू वर्षानुवर्षं साबणच पचवायला शिकले होते. तो चिखल वैशालीने आणला, हवा दिली, चिमूटभर युरिया दिला, आधी थोडं साबणाचं पाणी पाजलं, मग रोज जरा जास्त. राहायला जागा म्हणून झाकणं दिली. चार महिन्यांत त्यांनी झाकणांवर घर केलं. तो बुळबुळीत थर म्हणजे त्यांची वस्ती. लाँड्रीचं फेसाळ पाणी त्यांच्यातून जायचं आणि पलीकडे बिनफेसाचं निघायचं. नाली आठ दिवसांपासून साफ वाहत होती.

आणि मी त्या अख्ख्या वस्तीला ब्लिचिंग पावडरने आंघोळ घातली होती.

मला रडूच आलं, आणि मी रडलेही, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं. मंगेश धावत आला. वैशालीने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो एक झाकण उन्हात धरून म्हणाला, "पण बाईंनी झाकणं मस्त घासली गा, काही म्हण." हा माणूस स्वर्गात जाणार आहे.

"विरजण," वैशाली एकदम उठली. "कुहीले आपलं विरजण आहे!"

कुहीला तिची नणंद करुणाताई असते. तिचं बिछायत केंद्र आहे. आपण मंडपवाले म्हणतो, त्यांना तिकडे बिछायतवाले म्हणतात. लग्नसराईत गाद्यांच्या खोळी, पडदे, खुर्च्यांचे झगे धुवून धुवून तिच्याही दारात फेस व्हायचा, म्हणून वैशालीने दोन महिन्यांपूर्वी आपल्या टाकीतलं बादलीभर पाणी आणि मूठभर झाकणं तिला दिली होती. शेजारणीला वाटीभर विरजण द्यावं तशी. आता शेजारणीकडून आपलंच विरजण परत आणायचं.

मंगेशला घरी थांबणं भाग होतं. टाकीतल्या ब्लिचिंग पावडरचा जोर मारल्याशिवाय नवे जंतू सोडता येत नाहीत. त्यासाठी लागणारं औषध शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात मिळतं, हे मला तेव्हा कळलं. तिथूनच वैशालीने बॅटरीवर चालणारा माशांचा हवेचा पंप घेतला. दुधाचं मोठं कॅन घेतलं आणि आम्ही दोघी निघालो.

कुही

बसचं सांगत नाही, बस सगळीकडे सारखीच. फक्त रस्त्याकडेची शेतं सांगते. धान कापून झालेलं, खोडकं उभी, बांधावर तुरीला शेंगा लगडलेल्या. आमच्याकडे थंडीत ऊस तुटतो, सगळीकडे पाचट आणि गोड वास. इथे उन्हाला भाताच्या पेंढ्याचा वास होता.

करुणाताई म्हणजे दरवाजाएवढी बाई आणि तिला शोभेल असा आवाज. "जयभीम बाई, या, या! वैशाली, अवं एवढं तोंड काहून पाडलं वं?"

वैशाली काही बोलायच्या आत मीच गुन्हा कबूल केला. करुणाताई ऐकत गेली, तिचं तोंड उघडत गेलं, आणि शेवटी ती गाद्यांच्या ढिगावर बसून इतकी हसली की ढीग घसरला आणि ती गाद्यांसकट खाली आली. खाली पडूनही हसतच होती.

"बाप्पा! म्हणजे दुसऱ्यांदा!"

"दुसऱ्यांदा म्हणजे?"

"ताई!" वैशालीने डोळे मोठे केले. पण करुणाताईला थांबवणं म्हणजे मंडपाला वाऱ्यात धरून ठेवणं.

"अवं बाईले सांग ना! हॉस्टेलात हिनं कॉटखाली बाटल्या ठेवल्या होत्या, नालीच्या चिखलाच्या. कालेजच्या प्रोजेक्टसाठी. रेक्टरबाईनं वास आला म्हनून साऱ्या मोरीत ओतल्या न् वरून फिनाईल टाकलं. ही पोरगी दोन दिवस जेवली नाई म्हने."

मला आठवलं. बाटल्या आठवल्या, फिनाईल आठवलं. पोरगी जेवली नाही, हे मात्र मला माहीतच नव्हतं. काळ्या वहीत मी लिहिलं होतं: खोली नंबर नऊ, कॉटखाली घाण, समज दिली. सव्वीस वर्षांत मी किती जणींच्या कॉटखालचं काय काय ओतून टाकलं असेल, देव जाणे.

"वैशाली, तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" जेवायला बसल्यावर मी विचारलं.

"तुम्ही ऐकून थोडीच घेत होत्या बाई," ती म्हणाली, अगदी सरळ, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. चिन्नोरचा वासाचा भात, वर पाटवडीचा रस्सा. लाजेने मान खाली गेली होती तरी दोनदा घेतला, खोटं कशाला बोलू.

निघेपर्यंत उन्हं उतरली होती. करुणाताईने मागच्या ड्रमातून तपकिरी पाणी कॅनमध्ये ओतायला घेतलं. सकाळी ज्याची मला किळस आली होती तेच आता मला पंचामृतासारखं दिसत होतं. पण जुन्या सवयीने माझ्या तोंडून गेलंच, "आमच्याकडे दिवेलागणीला विरजण देत-घेत नाहीत हो."

"आमच्याकडं असं काई पाळत नाई बाई," करुणाताई म्हणाली. "अन् पाळत असतो तरी हे काई दुधाचं नोहे." तिने निम्मं दिलं, निम्मं स्वतःला ठेवलं, वरून झाकणं टाकली. मग स्वयंपाकघरातून एक लांब रवी आणून माझ्या हातात दिली. "पंपाचा भरोसा नाई. बंद पडला तं घुसळत राहा. हवा भेटली पायजे त्याईले."

परतीची बस

पंप अर्ध्या वाटेत बंद पडला.

मी कॅन दोन्ही पायांत धरलं, झाकण काढलं आणि रवी फिरवायला सुरुवात केली. बस खड्ड्यातून जायची, मी घुसळायची. समोरच्या सीटवरचे एक म्हातारबाबा बराच वेळ बघत होते.

"बाई, ताक इकता का?"

"ताक नाही हो."

"मंग काय घुसळून राहिल्या?"

वैशालीने सांगून टाकलं. "काका, साबण खाणारे जंतू आहेत. हवा नाही भेटली तं मरतीन."

"साबन खाते?" बाबांनी वाकून आत पाहिलं. "मंग एक जोडी माह्या घरी द्या. माही सून आठ दिवसांत पेटी संपवते, तिले म्हनतो, घे, आता यायले पोस."

सगळी बस हसली. कंडक्टर उठून आला, नाक दाबून डोकावला आणि म्हणाला, "अन् यायचं तिकीट?" मागून कोणी ओरडलं, "बारा वर्षांच्या खालचे आहेत, हाफ लागते!" माझे दंड भरून आले तसे शेजारच्या बाईने रवी ओढून घेतली, "सरका, मले द्या." मग तिच्याकडून बाबांकडे, बाबांकडून कॉलेजच्या दोन मुलींकडे. नागपूर येईपर्यंत अर्ध्या बसने ते पाणी घुसळलं. एकजण प्रत्येक थांब्याला विचारायचा, "जिते हायत ना?" आणि वैशाली कॅनमध्ये बघून गंभीरपणे सांगायची, "जिते हायत." मला इतकं हसू येत होतं की कुशीत कळ आली. सकाळी रडलेली बाई ती हीच का, असं माझं मलाच वाटलं.

शुक्रवार, शनिवार

घरी आल्यावर कॅनमधलं पाणी आणि माझी घासलेली झाकणं टाकीत सोडली, आणि मग वैशालीने मला शिक्षा सुनावली. वसतिगृहातला माझाच कायदा तिने मला लावला, चूक ज्याची त्याने निस्तरायची. "बाई, रविवारपर्यंत तुम्ही काही धुवाचं नाही. कपबशीही नाही. फक्त टाकीपाशी बसाचं."

दोन दिवस मी खुर्ची टाकून टाकीपाशी बसले. लाँड्री पाव भागच चालू ठेवली होती, कारण नव्या मंडळींना एकदम पोटभर साबण झेपला नसता. वैशाली दर चार तासांनी पलीकडचं पाणी बाटलीत घ्यायची, झाकण लावून जोरजोरात हलवायची आणि फेसावर आडवी बोटं धरायची. शुक्रवारी सकाळी चार बोटं. संध्याकाळी चार बोटं. नाली पुन्हा पांढरी झाली आणि कुंपणापलीकडे दादारावजींची बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली मी पाहिली.

शनिवारी सकाळी तीन बोटं. मी झाकणं हातात घेऊन बघितली, चकचकीतच. कशाला मेली इतकी घासलीस, असं मी स्वतःला म्हटलं. दुपारी पुन्हा बघितली, तर एकाच्या कडेला बोटाला किंचित बुळबुळीत लागलं. मी ओरडले, "वैशाली, लवकर ये गं, घाण झाली!" आयुष्यात हे वाक्य मी आनंदाने पहिल्यांदाच म्हटलं असेन. संध्याकाळी दोन बोटं.

रविवार

दादारावजी कानटोपी घालून आले. हातात स्वतःची बाटली, कारण आमच्या बाटलीवर त्यांचा विश्वास नव्हता. राम राम नाही, चहा नाही. थेट टाकीमागे गेले, निघणारं पाणी बाटलीत धरलं आणि अशी हलवली की त्यांची कानटोपी निसटली. बाटली त्यांनी कठड्यावर ठेवली.

एक बोट फेस.

"फेस तं हाय," दादारावजी म्हणाले.

मंगेशने मान खाली घातली. वैशाली म्हणाली, "काका, थांबा जरा. पाहा." दादारावजी मोठ्याने आकडे मोजायला लागले, कदाचित रागाने असेल. एक, दोन, तीन. पाचला फेसाला भोकं पडली. नऊला तो कडेला सरकला. बाराला काचेला चिकटलेले चार बुडबुडे उरले, आणि चौदाला तेही नाहीत.

त्यांनी पुन्हा बाटली हलवली, पुन्हा मोजलं. या वेळी तेरा.

"माह्या नालीतला फेस दिवसभर जात नोहता," ते म्हणाले. मग भुवया वर चढल्या. "पन मले सांग पोरी, मांगच्या आठवड्यात पानी साफ होतं, मी पाहून गेलो होतो. शुक्रवारी पुन्हा फेस काहून आला?"

वैशालीने पडलेली कानटोपी उचलून झटकायला घेतली. ती माझं नाव घेणार नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नऊ नंबरच्या खोलीतली तीच पोर, जी दोन दिवस जेवली नाही आणि कोणाला काही बोललीही नाही. मी खुर्चीवरून उठले.

"मी टाकी धुतली," म्हटलं. "मी तिची रेक्टर. मला वाटलं घाण आहे. ब्लिचिंग पावडर टाकून धुतली. झाकणंसुद्धा घासली, एकेक. चूक माझी आहे, तिची नाही."

दादारावजींनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. मग त्यांचं पोट आधी हललं आणि हसू नंतर आलं. हसता हसता त्यांनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि एक भलंमोठं नवं कुलूप बाहेर काढलं, दोन किल्ल्या दोऱ्याने बांधलेल्या.

"हे तुह्या दुकानाले लावाले आनलं होतं," ते वैशालीला म्हणाले. "आता ह्या टाकीले लाव. अन् किल्ली या बाईच्या हाती देऊ नोको."

मंगेशने तिथल्या तिथे जाळीच्या कडीला कुलूप लावलं. मग चहा झाला, कुंपणापलीकडून वांगी आली, पुन्हा भरीत झालं. संध्याकाळी मी बॅग भरत होते तेव्हा वैशाली आत आली. दोरा सोडून तिने एक किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

"अगं, ते काका काय म्हणाले!"

"काकाचं कुलूप आहे," ती म्हणाली. "जंतू माहे आहेत."

सव्वीस वर्षं माझ्या कमरेला चाळीस किल्ल्यांचा जुडगा होता. निवृत्तीच्या दिवशी तो काढून दिला तेव्हा कंबर मोकळी झाली म्हणून मला किती बरं वाटलं होतं! आता देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला एकच किल्ली आहे. भिशीतल्या बायका येता-जाता विचारतात, ही कुठल्या कुलपाची. मी सांगते, वाडीला एक टाकी आहे, तिची. माझ्यापासून जपायला लावलेल्या कुलपाची.